न्यायमूर्ती कोणाचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये श्रीमती आरती साठे यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या अतिरिक्त न्यायाधीशपदी नेमणूक झाली, तेव्हा राज्यात मोठा कोलाहल उठला आणि चार दिवसांत विरूनही गेला. आपल्याकडे बहुतेक कोलाहलांचे असेच होते. श्रीमती साठे या करविषयक कायद्याच्या जाणकार वकील. परंतु त्या काही काळ भारतीय जनता पक्षाच्या महाराष्ट्रातील प्रवक्त्याही होत्या. सत्तारूढ पक्षाची बाजू जाहीरपणे मांडणारी व्यक्ती न्यायासनावर कशी बसू शकते, असे विरोधी पक्षांनी विचारले. त्यांनी जानेवारी २०२४ मध्येच पक्षाचा राजीनामा दिला होता, असे उत्तर त्या पक्षाने दिले, आणि काँग्रेसने पूर्वी काय केले ते आठवा, असा टोलाही हाणला. आरोप आणि उत्तर दोन्ही छापून आली, शपथविधी झाला आणि विषय मिटला.

आमच्या मते तो मिटलेला नाही. श्रीमती साठे यांच्या विद्वत्तेविषयी किंवा सचोटीविषयी आमची काडीचीही तक्रार नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. प्रश्न एका व्यक्तीचा नाहीच. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश निवडताना त्याची राजकीय मते पाहावीत की पाहू नयेत, पाहावयाची तर ती कोणी पाहावीत, आणि सर्वांची एकाच चष्म्यातून पाहिली जातात काय, हा तो प्रश्न आहे. महापालिकेविरुद्ध, पोलिसांविरुद्ध किंवा सरकारविरुद्ध दाद मागण्यासाठी जो सामान्य मनुष्य घरदार गहाण टाकून फोर्टातल्या त्या दगडी इमारतीच्या पायऱ्या चढतो, त्याच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न दुसरा नाही.

ज्याला राजकीय मत नाही असा मनुष्यच न्यायाधीश व्हावा, ही कल्पना ऐकायला मोठी सात्त्विक वाटते; पण ती पोकळ आहे. वीस-पंचवीस वर्षे वकिली केलेल्या, वृत्तपत्र वाचणाऱ्या, मतदान करणाऱ्या सुशिक्षित माणसाला देशाच्या कारभाराविषयी काहीच वाटत नसेल, तर तो एक तर दांभिक असेल किंवा मठ्ठ. दोघांनाही न्यायासनापासून दूर ठेवलेले बरे. आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा इतिहास तर या कल्पनेच्या अगदी उलट साक्ष देतो. काशिनाथ त्रिंबक तेलंग हे १८८५ च्या मुंबईतील पहिल्या काँग्रेसच्या उभारणीतले एक प्रमुख गृहस्थ. ते १८८९ मध्ये न्यायमूर्ती झाले. बद्रुद्दीन तय्यबजी हे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष. ते १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. नारायण गणेश चंदावरकर हे १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष आणि लगेच १९०१ मध्ये न्यायमूर्ती. महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी तर सरकारचा संशय इतका पराकोटीचा होता की, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी, १८७९ मध्ये, त्यांची नाशिकहून धुळ्यास तडकाफडकी बदली झाली आणि त्यांचे टपाल तपासले जाऊ लागले. तेच रानडे तेलंगांच्या निधनानंतर १८९३ मध्ये उच्च न्यायालयात बसले. परकी सरकारही ज्यांच्या मतांना भीत होते, त्यांनाच ते न्यायासनावर बसवीत होते. त्यात त्याचे औदार्य किती आणि धूर्तपणा किती, हा वाद इतिहासकारांनी खुशाल घालावा.

आता या मंडळींनी न्याय कसा केला ते पाहा. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामिनाचा अर्ज प्रथम न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे आला. तो नामंजूर झाला. खटला सेशनकडे सुपूर्द झाल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे. आणि त्यांनी जामीन दिला. रानडे हे टिळकांचे वैचारिक प्रतिपक्षी म्हणून त्यांनी नाकारला असे म्हणावे, तर तय्यबजीही काही टिळकपंथी नव्हते; तेही मवाळच. दोन मवाळांनी एकाच आरोपीच्या बाबतीत दोन निरनिराळे निर्णय दिले. माणसाचे राजकारण ठाऊक झाले म्हणजे त्याचा निकाल ठाऊक झाला, असे समजणाऱ्यांनी या घटनेवर थोडा विचार करावा.

याच गोष्टीचे पुढचे प्रकरण अधिक विलक्षण आहे. १८९७ मध्ये तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळक पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे राहिले, तेव्हा न्यायासनावर हेच दावर होते. स्वतः एकदा ज्यांच्यासाठी जामीन मागितला होता, त्यांनाच त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. दावर कोणत्या पक्षाचे होते? कोणत्याच नाही. काँग्रेसचे माजी अध्यक्ष टिळकांना मोकळे सोडतात आणि पक्ष नसलेला, टिळकांचाच माजी वकील त्यांना मंडालेस धाडतो! पक्षरहित मनुष्य हा आपोआप निःपक्षपाती असतो, या समजुतीला इतके चोख उत्तर दुसरे मिळावयाचे नाही. ज्या दालनात ही शिक्षा झाली, त्याच्या बाहेर टिळकांचे त्या वेळचे उद्गार कोरलेली संगमरवरी शिला आहे. १९५६ मध्ये तिचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी केले. न्यायालयाने आपल्याच निर्णयाविरुद्धचा आरोपीचा अभिप्राय आपल्याच भिंतीवर लावावा, हे या न्यायालयाला शोभण्यासारखेच होते.

स्वातंत्र्यानंतरही हा क्रम तुटला नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस राहिलेले विठ्ठल महादेव तारकुंडे १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले आणि बारा वर्षांनी स्वतःहून पायउतार झाले; त्यांचे न्यायदान रॉयवादी होते असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. के. एस. हेगडे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. तेथून ते १९५७ मध्ये थेट म्हैसूरच्या उच्च न्यायालयात गेले. हा पक्षाचा मनुष्य म्हणून काँग्रेसचे सरकार निर्धास्त राहिले असेल, तर त्याची निराशा झाली. केशवानंद भारती खटल्यात हेगडे सरकारच्या विरुद्ध गेले, आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ एप्रिल १९७३ रोजी, त्यांना, शेलत यांना आणि ग्रोव्हर यांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. कृष्ण अय्यर यांचेही उदाहरण बोलके आहे. केरळातील १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात ते मंत्री होते. १९६८ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या राजवटीत सर्वोच्च न्यायालयात आले. जून १९७५ मध्ये इंदिराबाईंना अलाहाबादच्या निकालावर बिनशर्त स्थगिती हवी होती. कृष्ण अय्यर यांनी ती सशर्त दिली. लोकसभेत बसा, बोला, पण मत देऊ नका. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी पुकारली गेली.

मग पक्षाचा मनुष्य न्यायाधीश करण्यात धोका काहीच नाही काय? आहे, आणि त्या धोक्याचे नाव बहारुल इस्लाम असे आहे. १९६२ पासून काँग्रेसचे राज्यसभा सदस्य. जानेवारी १९७२ मध्ये तो राजीनामा देऊन लगेच गौहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १९८० मध्ये तेथून निवृत्त. त्याच वर्षी डिसेंबरात, निवृत्तीनंतर, सर्वोच्च न्यायालयात नेमणूक. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील सहकारी बँकेच्या घोटाळ्याचा खटला मागे घेण्यास दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मान्यता मिळाली. त्या दोघांत एक बहारुल इस्लाम होते. विरोधात गेले ते आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले न्यायमूर्ती तुळजापूरकर. पुढच्याच महिन्यात बहारुल इस्लाम यांनी न्यायाधीशपद सोडले आणि ते पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत जाऊन बसले. तो निकाल कायद्याच्या कसोटीस उतरतो की नाही, हा भाग वेगळा. पण संसदेतून न्यायालयात आणि न्यायालयातून संसदेत असा जो येरझारा घालतो, त्याच्या निकालावर विश्वास कोणी ठेवावा? तळे राखणाराने पाणी चाखले नसेलही. परंतु त्याची ओंजळ ओली दिसली, एवढे लोकांना पुरते.

हेगडे आणि बहारुल इस्लाम, दोघेही त्याच पक्षाचे आणि त्याच सभागृहातून आलेले. एक ताठ राहिला, दुसऱ्याविषयी संशय राहिला. यावरून इतकेच निघते की, मत हा दोष नव्हे. आश्रितपणा हा दोष आहे. ज्याला आपल्या पदाबद्दल कोणाचे तरी ऋण फेडावयाचे आहे, किंवा ज्याला पुढच्या पदाची आशा आहे, तो न्यायाधीश धोक्याचा. रामशास्त्र्यांचे नाव घेतल्यावाचून मराठीत न्यायावर लिहिताच येत नाही, तेव्हा आम्हीही ते घेतो: शास्त्रीबुवांचे पद पेशव्यांनीच दिलेले होते, आणि तरीही राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पण सगळेच रामशास्त्री निघतील या भरवशावर राज्ययंत्र चालवता येत नाही.

१९७३ मध्ये पोलादमंत्री मोहन कुमारमंगलम् यांनी लोकसभेत उघडपणे प्रतिपादन केले होते की, सरन्यायाधीश निवडताना त्याचे तत्त्वज्ञान आणि दृष्टिकोन पाहण्याचा सरकारला अधिकार आहे. हे तत्त्वज्ञान म्हणजे काय, ते पुढे तीन वर्षांत देशाला कळले. आणीबाणीत उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश उ. रं. ललित यांना कायम करण्यात आले नाही. त्यांचे चिरंजीव पुढे, २०२२ मध्ये, भारताचे सरन्यायाधीश झाले, हा काळाने उगवलेला सूड. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने दिलेले निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये उलटवले. विरोधात एकटे खन्ना उभे राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. ‘बांधिलकी’ या शब्दाचा धाक त्या काळात ज्यांनी अनुभवला, त्यांच्यापैकी कित्येक तेव्हा तुरुंगात होते. त्यांचे राजकीय वारसदार आज दिल्लीत राज्य करीत आहेत. म्हणूनच त्यांच्याकडून आमची अपेक्षा अधिक होती.

ती पुरी झाली काय? जानेवारी २०२३ मधील दोन दिवसांचा हिशेब पाहावा. १७ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशमंडळाने, म्हणजे ज्याला आपण कॉलेजियम म्हणतो त्याने, मद्रास उच्च न्यायालयासाठी इतरांबरोबर श्रीमती व्हिक्टोरिया गौरी यांची शिफारस केली. त्या भाजपच्या महिला आघाडीच्या पदाधिकारी होत्या. त्याच दिवशी त्याच न्यायालयासाठी आर. जॉन सत्यन यांचे नाव दुसऱ्यांदा पाठविण्यात आले. सत्यन यांच्याविरुद्ध गुप्तवार्ता विभागाने काय शोधून काढले होते? त्यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा दुसऱ्याचा एक लेख समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता आणि एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येसंबंधी एक मजकूर टाकला होता. यामुळे माणूस अपात्र ठरत नाही, असे कॉलेजियमने लिहिले. इतकेच नव्हे तर त्या दिवशी शिफारस झालेल्या इतर काही नावांच्या आधी सत्यन यांची नेमणूक व्हावी, असेही ठरावात नमूद केले. दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीस, मुंबईचे सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव पुन्हा पाठविण्यात आले. न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली, असा सरकारचा आक्षेप होता. मत मांडणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे उत्तर कॉलेजियमने दिले आणि कोणत्याही राजकीय पक्षाशी त्यांचा दृढ वैचारिक संबंध दिसत नाही, अशी पुस्तीही जोडली.

पुढे काय झाले? श्रीमती गौरी यांची नेमणूक तीन आठवड्यांत झाली. ७ फेब्रुवारीस त्यांनी शपथ घेतली. सुंदरेसन यांचे नाव कॉलेजियमने प्रथम फेब्रुवारी २०२२ मध्ये पाठवले होते. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीश झाले. आणि ज्यांना अग्रक्रम द्यावा असे ठरावात स्पष्ट लिहिले होते, त्या सत्यन यांची नेमणूक २०२४ साल संपले तरी झाली नव्हती. ज्याने एक लेख पुढे पाठवला तो ताटकळतो, आणि ज्यांनी पक्षाचे पद भूषविले त्यांच्यासाठी दार तत्काळ उघडते! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, याहून वेगळा नियम यात आम्हांला तरी शोधून सापडला नाही.

दोष एकट्या सरकारचा मात्र नव्हे. कॉलेजियमने १८ तारखेस पक्षाशी दृढ संबंध नसणे ही गोष्ट उमेदवाराच्या बाजूने मोजली. मग आदल्या दिवशी तीच कसोटी कोठे गेली होती? श्रीमती गौरी यांच्या भाषणांत अल्पसंख्य समाजांविषयी द्वेष आहे, असा आक्षेप मद्रासच्या काही वकिलांनी घेतला, तेव्हा ती माहिती शिफारशीनंतर आपल्यापुढे आली, असे सरन्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात सांगितले. जो गुप्तवार्ता विभाग सत्यन यांनी पुढे पाठवलेला एक लेख हुडकून काढतो, त्याला जाहीर भाषणे दिसू नयेत, हे आश्चर्य आहे; आणि कॉलेजियमने त्याविषयी त्या विभागाला काहीच विचारल्याचे जनतेला दिसू नये, हे त्याहून मोठे आश्चर्य. शपथविधीच्या दिवशीच सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. पात्रता तपासता येते, योग्यता तपासता येत नाही, असे कारण दिले गेले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण मग योग्यता तपासणारे जे एकमेव मंडळ आहे, त्याने ती डोळ्यांत तेल घालून तपासली पाहिजे, हे ओघानेच येते.

न्यायाधीशांच्या नेमणुकीचे सगळे अधिकार सरन्यायाधीशांच्या हाती देऊ नयेत, तेही शेवटी माणूसच आहेत, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. आणि ते सरकारच्याही एकट्याच्या हाती देण्यास ते तयार नव्हते. १९९३ च्या निर्णयाने न्यायाधीशांनी तो अधिकार स्वतःकडे घेतला. २०१५ मध्ये संसदेने केलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग त्यांनी चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. तो आयोग आम्हांलाही पसंत नव्हता, कारण त्यातले कोणतेही दोन सदस्य एकत्र येऊन न्यायाधीशांची निवड रोखू शकले असते. परंतु आज जे चालले आहे ते आयोगाहून वाईट आहे. आयोगात नकार देणाऱ्याला निदान बैठकीत येऊन नकार द्यावा लागला असता. आज सरकार नुसते गप्प बसते आणि फाईल दाबून ठेवते. दुसऱ्यांदा आलेले नाव तीन-चार आठवड्यांत मंजूर झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेच एप्रिल २०२१ मध्ये ठरवून दिले होते. तो निर्णय पाळला जात नाही, आणि ज्यांनी तो दिला तेही तो पाळवून घेत नाहीत. न्यायमूर्ती अकील कुरेशी यांची मे २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदी शिफारस झाली होती. सरकार हलले नाही, तेव्हा कॉलेजियमच हलले आणि त्यांना त्रिपुरास पाठविण्यात आले. कुरेशी काही काळ मुंबईतही होते. २०१० मध्ये गुजरातेत असताना त्यांनी एका माजी गृहराज्यमंत्र्यास केंद्रीय अन्वेषण विभागाच्या कोठडीत धाडले होते. सरकारचे आपल्याविषयीचे प्रतिकूल मत हे आपण स्वातंत्र्याचे प्रमाणपत्र समजतो, असे ते निवृत्त होताना म्हणाले. असे प्रमाणपत्र मिळविण्याची हौस किती तरुण न्यायाधीशांना राहील?

आणि दार केवळ आत येण्याचेच उघडे आहे असे नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी ५ मार्च २०२४ रोजी राजीनामा दिला, ७ मार्च रोजी ते भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षी तामलुकमधून लोकसभेवर निवडून आले. राजीनाम्यापर्यंत ते ज्या राज्य सरकारविरुद्धचे खटले चालवीत होते, त्याच सरकारच्या पक्षाविरुद्ध ही निवडणूक होती. या रोगावर औषध १९५८ मध्येच सुचविले गेले होते. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने, निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पदे घेऊ नयेत, असे आपल्या चौदाव्या अहवालात सांगितले. छगला त्या आयोगाचे सदस्य होते, आणि त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले! टिळकांच्या शिलेचे अनावरण करणारा न्यायमूर्तीही या मोहातून सुटला नाही, मग इतरांची काय कथा?

आमची मागणी फार मोठी नाही. पक्षाचे पद धारण केलेल्या वकिलाला न्यायासन कायमचे बंद करावे, असे आम्ही म्हणत नाही. तसे केले असते तर तारकुंडे या न्यायालयाला मिळाले नसते. पण पक्षाचे पद सोडणे आणि शपथ घेणे यांत निदान पाच वर्षांचे अंतर असावे, आणि न्यायासन सोडल्यावर निवडणुकीस उभे राहण्यापूर्वीही तितकेच असावे. दीड वर्ष पुरेसे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी, काँग्रेसचा प्रवक्ता दीड वर्षाच्या अंतराने न्यायाधीश झाला असता तर आपण काय बोललो असतो, याचे उत्तर आरशासमोर उभे राहून द्यावे. काँग्रेसच्या मंडळींनीही हाच प्रयोग उलट करून पाहण्यास हरकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशांच्या ९४ जागा मंजूर आहेत, आणि शिफारशींची पुढची यादी केव्हा ना केव्हा निघेलच. तिच्यातील प्रत्येक नावापुढे, या व्यक्तीने कोणत्या पक्षाचे कोणते पद केव्हा धारण केले आणि केव्हा सोडले, याची एक ओळ कॉलेजियमने जाहीर ठरावात लिहावी. सरकारला कोणाच्या मतांवर आक्षेप असेल तर तो त्याने सहीनिशी कळवावा आणि तोही त्याच ठरावात छापला जावा. जानेवारी २०२३ मध्ये असे आक्षेप छापले गेले, तेव्हा विधिमंत्री रिजिजू यांनी त्यावर चिंता व्यक्त केली होती. गुप्तवार्ता विभागाच्या माहितीदारांची नावे गुप्त राहावीत, हे आम्हांला मान्य आहे. पण एक लेख पुढे पाठवला म्हणून एका वकिलाची नेमणूक अडवून ठेवली जाते, हे सत्य गुप्त ठेवण्यात राष्ट्राचे कोणते हित साधते, ते आम्हांला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.